अंगठीच्या आतील नाव

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनासारख्या मंगल प्रसंगी मृतांच्या स्मरणार्थ घडविलेल्या अलंकारांविषयी बोलण्याचे आम्ही योजिले आहे, हे कळताच कार्यकारी मंडळातील एक-दोन वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांचे म्हणणे आम्ही समजू शकतो. परंतु आपला पिढीजात व्यवसाय सोन्याचांदीचा. आपल्या वाडवडिलांच्या ऐरणीवर बारशाचे वाळे घडले, लग्नाचे मंगळसूत्र घडले आणि घरातील माणूस गेल्यावर देव्हाऱ्यात बसवावयाचा टाकही घडला. जन्म, विवाह आणि मरण या तिहींना ज्यांचा हात लागला, त्यांनी तिसऱ्याचा उच्चार टाळावा असे काही कारण नाही. शिवाय या विषयाच्या शेवटी आम्हांस मंडळापुढे एक विनंती ठेवावयाची आहे. ती विनंती पटण्यासाठी प्रथम थोडे विलायतेस जाऊन यावे लागेल.

इंग्लंडात माणूस निवर्तला म्हणजे त्याच्या नावाने अंगठ्या घडवून आप्तेष्टांना वाटण्याची चाल सतराव्या शतकाच्या आधीपासून होती. पुष्कळदा मरणारा मनुष्य आपल्या मृत्युपत्रातच त्याची तजवीज करून ठेवी. अमुक मित्रास अंगठीसाठी इतकी रक्कम द्यावी, असे कलम तो घाली. शेक्सपिअर १६१६ मध्ये वारला. त्याच्या मृत्युपत्रात हेमिंग, बर्बेज आणि कंडेल या तीन सहकारी नटांस अंगठी घेण्यासाठी प्रत्येकी सव्वीस शिलिंग आठ पेन्स ठेविलेले आहेत. यांपैकी बर्बेज पुढे तीन वर्षांनी वारला. उरलेल्या दोघांनी १६२३ मध्ये आपल्या मित्राची छत्तीस नाटके एकत्र करून छापविली. त्यांतील निम्मी नाटके तोपर्यंत छापलेलीच नव्हती आणि ‘मॅकबेथ’ त्यांतच होते. हा ग्रंथ निघाला नसता तर आपल्या रंगभूमीवर शिरवाडकरांचा ‘राजमुकुट’ही आला नसता. त्या अंगठ्यांचे पुढे काय झाले ते असो. पण ज्यांना त्या मिळावयाच्या होत्या, त्यांनी अंगठीचा अर्थ बरोबर ओळखला होता. गेलेल्याचे नाव पुढे चालू ठेवणे, हाच तो अर्थ.

१६४९ च्या ३० जानेवारीस राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला. त्याचे नाव उघडपणे घेणे धोक्याचे असताना त्याच्या अनुयायांनी त्याचे सूक्ष्म चित्र अंगठीत किंवा लॉकेटात बसवून वापरले. काहींत ते चित्र झाकणाखाली दडविलेले असे. बोटातील अंगठी सर्वांस दिसे, आतील चेहरा मात्र जाणत्यासच ठाऊक असे. सॅम्युएल पीप्स हा प्रसिद्ध रोजनिशीकार १७०३ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या अंत्यविधीच्या वेळी शंभरावर अंगठ्या वाटल्या गेल्या. आणि घेणाऱ्याच्या योग्यतेप्रमाणे त्यांत उंची-हलक्या अशा निरनिराळ्या प्रती होत्या. यावरून दुःखातही व्यवहार सुटत नाही, हे आपणांस नवे वाटू नये. आपल्याकडेही आहेर देताना हिशेब होतोच.

अठराव्या शतकात या अंगठ्यांचा घाट ठरून गेला. सोन्याच्या वळ्यावर बाहेरच्या बाजूस मिनाकाम करून मृताचे नाव, मृत्यूची तिथी आणि वय ही तीन अक्षरशः कोरून ठेवीत. विवाहित वा प्रौढ माणसासाठी मिना काळा, आणि अविवाहितासाठी किंवा लहान मुलासाठी पांढरा. संग्रहालयाच्या काचेआड पांढऱ्या मिन्याची अंगठी दिसली म्हणजे पाहणाऱ्याने वाचण्यापूर्वीच समजावे की, ही कोणा आईबापांनी घडवून घेतली आहे. आपल्यापैकी ज्यांनी मिनाकाम केले आहे, त्यांस ठाऊकच आहे की, पांढरा मिना भट्टीत डाग न पडता उतरविणे किती जपणुकीचे काम असते. ज्या कारागिरांनी हे काम केले, त्यांची नावे बहुधा कोठे नाहीत. पण त्यांनी कोरलेली नावे मात्र आजही वाचता येतात.

पुढे या अलंकारांत केस आले. मृताच्या केसांची बट काचेखाली बसविणे ही आरंभीची रीत. नंतर केसांचेच गोफ विणून त्यांच्या साखळ्या, कंकणे आणि कर्णभूषणे होऊ लागली. हे ऐकून आपल्यापैकी पुष्कळांस किळस वाटेल. कापलेला केस आपण अपवित्र मानतो. जेवणात केस निघाला तर पान टाकतो. परंतु त्यांची दृष्टी निराळी होती. देह मातीस मिळतो, केस मात्र कुजत नाही, रंग सोडीत नाही. म्हणून देहाचा तेवढाच अंश जवळ ठेवता येतो, असा त्यांचा विचार. काम मोठे चिकाटीचे असे. केस सोडा घातलेल्या पाण्यात उकळून त्यांचा तेलकटपणा काढीत, लांबीप्रमाणे निवडीत, मग मध्ये भोक असलेल्या वाटोळ्या मेजाभोवती त्यांचे पदर सोडून, प्रत्येक पदराच्या टोकास वजन अडकवून गोफ विणीत. विणून झाल्यावर सोन्याची टोपणे आणि कड्या बसविण्यासाठी तो सोनाराकडे जाई. स्वीडनच्या दालार्ना प्रांतातील वोमहूस गावच्या स्त्रिया हे काम करीत एकोणिसाव्या शतकात देशोदेशी फिरत असत.

येथे आपल्या व्यवसायाशी लागून असलेली एक गोष्ट सांगावीशी वाटते. ग्राहकाने दिलेले केस कमी पडले, खराब झाले किंवा विणण्याचा कंटाळा आला, तर काही दुकानदार दुसऱ्याच कोणाचे तयार काम देऊन वेळ मारून नेत, असा बोभाटा त्या काळी झाला होता. म्हणून स्त्रियांनी हे काम घरीच शिकून करावे, असे सांगणारी पुस्तके निघाली. एका मातेने आपल्या मुलाचे म्हणून जे लॉकेट जन्मभर उराशी धरले, त्यात केस भलत्याचेच असावेत, यासारखी दुसरी फसवणूक नाही. सोन्यात भेसळ झाली तर कसोटीवर उघडी पडते. विश्वासात झालेल्या भेसळीला कसोटी नसते. आपल्या धंद्याला समाजाने जी विशेषणे लाविली आहेत ती आपण जाणतो. म्हणूनच ही गोष्ट आपण अधिक लक्षात ठेवावी.

१८६१ च्या १४ डिसेंबर रोजी राणी व्हिक्टोरिया हिचा पती अल्बर्ट वारला. त्यानंतर १९०१ मध्ये देह ठेवीपर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे, राणीने काळी वस्त्रे उतरविली नाहीत. राणीचे पाहून दरबाराने आणि दरबाराचे पाहून प्रजेने काळे अलंकार धारण केले. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर यॉर्कशायरमध्ये व्हिटबी नावाचे बंदर आहे. तेथील कड्यांत जेट नावाचा काळाभोर पदार्थ सापडतो. सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षांचे लाकूड गाळात दडपून तो झाला आहे. वजनाला हलका, हाताला उबदार आणि घासला तर आरशासारखा चकाकणारा. १८७० च्या सुमारास त्या लहानशा गावात हजारावर माणसे जेट कोरून पोट भरीत होती. मागणी वाढताच काळी काच, काळे कडक रबर आणि आयर्लंडच्या दलदलीतील काळे लाकूड जेटच्या नावावर बाजारात आले. खऱ्याची परीक्षा अशी की, खरा जेट पांढऱ्या खरबरीत चिनी मातीवर ओढला म्हणजे तपकिरी रेघ उमटते. काच हाताला थंड लागते आणि वजनाला जड असते. म्हणजे काळ्यालाही कस असतो.

या ठिकाणी आपल्याकडील परिस्थितीची आठवण होणे अपरिहार्य आहे. तिकडे नवरा वारला की स्त्री अलंकार चढवी, आपल्याकडे ते उतरवून घेत. तिकडे मृताचा केस सोन्यात मढवीत, आपल्याकडे जिवंत विधवेच्या मस्तकावर वस्तरा चाले. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिक बांधवांनी हे काम आम्ही करणार नाही असा निर्धार केला. कारागिराने आपल्या हत्याराला नकार शिकविल्याचे हे उदाहरण आहे. आपल्या व्यवसायाने असा नकार कधी दिल्याचे आम्हांस आठवत नाही. उतरविलेले दागिने आपण ताजव्यात घातले आणि वजन सांगितले, एवढेच. अर्थात तिकडचे सर्व चांगले आणि आपले सर्व वाईट, असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. तिकडील शोकाचे नियमही जाचकच होते. विधवेने वर्षानुवर्षे निस्तेज काळ्या वस्त्रात राहावे आणि विधुराने दंडावर काळी फीत बांधून कामावर जावे, असा तो न्याय होता. स्त्रीच्या अंगावर सर्वांचे दुःख लादावयाचे, ही रीत दोन्हीकडे सारखीच.

मग फरक कोठे राहिला? आमच्या मते तो नावात आहे. आणि त्यासाठी एकाच अंगठीची हकीकत सांगून आम्ही घरी परतू.

‘जेन एअर’ ही कादंबरी लिहिणारी शार्लट ब्राँटी हिचे नाव आपल्यापैकी इंग्रजी शिकलेल्यांस ठाऊक आहे. ती, एमिली आणि ॲन अशा तिघी बहिणी. स्त्रीच्या नावाने लिहिले तर लोक नीट वाचणार नाहीत म्हणून तिघींनी टोपणनावे घेऊन पुस्तके छापविली. शार्लट ‘करर बेल’ झाली. १८४८ च्या डिसेंबरात एमिली क्षयाने वारली, पाच महिन्यांनी ॲन गेली. शार्लटने दोघींच्या केसांचे कंकण करविले. हॉवर्थ येथे त्यांच्या राहत्या घराचे संग्रहालय झाले आहे, त्यात ते आहे. आणि १८५० मध्ये बहिणींच्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढताना तिने त्यांची खरी नावे जगास सांगितली. स्वतः शार्लट १८५५ च्या ३१ मार्चला, विवाहास वर्षही पुरे झाले नसता, अडतिसाव्या वर्षी वारली. पुढे २०१९ मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमात एक बाई जुनी अंगठी परीक्षेसाठी घेऊन आली. ती तिला माळ्यावरच्या कुलुपबंद पेटीत सापडली होती. अंगठीत केसांची बारीक वेणी आणि आतील बाजूस शार्लटचे नाव व मृत्यूचा काळ कोरलेला. पारख्याने सांगितले की, हे नाव नसते तर अंगठीचे पंचवीस पौंड आले असते. नावामुळे तिची किंमत वीस हजार पौंड आहे.

बंधुभगिनींनो, सोन्याचे वजन तेच, घडणावळ तीच. फरक त्या चार अक्षरांचा. असे शेकडो लॉकेट आज विलायतेत बेवारशी फिरत आहेत. आत कोणाचे तरी केस आहेत, कोणीतरी ते रडून जपले आहेत, पण नाव कोरलेले नसल्यामुळे ते केस आता कोणाचेच नाहीत.

आता आपल्या घरची गोष्ट. मृताचे स्मरण अंगावर धारण करण्याची चाल आपल्याकडे नव्हती असे नाही. पहिली बायको वारल्यावर दुसरी केली म्हणजे पहिलीच्या नावाचा सोन्याचा वा चांदीचा लहानसा टाक दुसरीच्या गळ्यात घालीत. सवत कोपू नये, ही त्यामागची भीती. पण भीतीच्या आडून का होईना, गेलेलीला घरात जागा राही. आमची आजी दुसरेपणाची. आजोबांची पहिली पत्नी बाळंतपणात गेली, मूलही राहिले नाही. तिच्या नावाचा तीन गुंजांचा सोन्याचा टाक आजोबांनी स्वतःच्या हाताने ठशावर उठविला आणि तेरा वर्षांच्या आजीच्या गळ्यात घातला.

आजोबा वारले तेव्हा आजीचे मंगळसूत्र उतरले, बांगड्या उतरल्या, नथ पेटीत गेली. टाकाला मात्र तिने हात लावू दिला नाही. जमलेल्या बायकांना ती म्हणाली, “हा सौभाग्याचा नव्हे, थोरलीचा आहे. तिचं माझ्याकडे आलेलं तिथेच राहू दे.” नवऱ्याचा एकही डाग अंगावर ठेवण्याचा अधिकार नसलेल्या त्या बाईच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली तेवढी एकच वस्तू उरली, आणि ती सवतीची होती. त्या दोघींनी एकमेकींना कधी पाहिले नव्हते.

१९६३ च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रण आले. चौदा कॅरटपेक्षा अधिक कसाचा दागिना घडविण्यास बंदी झाली. आपल्या ज्ञातीने ते दिवस कसे काढले, हे येथे बसलेल्या वृद्धांस सांगावयास नको. हजारो कारागिरांच्या शेगड्या विझल्या. काहींनी जीव दिला. तो कायदा पुढे १९९० मध्ये रद्द झाला, परंतु तोपर्यंत कित्येक घरांची हातातील कला गेली होती. आमच्या वडिलांचे दुकान त्या वर्षी बसले. घरातील एकेक डाग मुशीत जाऊ लागला. एके दिवशी आजीने आपण होऊन दोरा तोडला आणि टाक वडिलांच्या हातावर ठेवला. वडील नको म्हणाले. ती म्हणाली, “पोरं उपाशी असताना थोरली काय रागावेल? तीही आईच झाली असती.”

त्या वेळी आम्ही बारा-तेरा वर्षांचे होतो. भाता आम्हीच हलवीत होतो. मुशीत पडलेला टाक प्रथम कडांनी लाल झाला, मग त्यावरची बाईची आकृती क्षणभर स्पष्ट दिसली, आणि मग सर्व सपाट झाले. त्या पैशात घरी किती दिवसांचे धान्य आले ते आठवत नाही. पण तो क्षण आजही डोळ्यांपुढे आहे.

पुढे पुष्कळ वर्षांनी, वंशावळ लिहावयास घेतली तेव्हा आम्ही घरातील वडीलधाऱ्यांस थोरल्या आजीचे नाव विचारले. कोणास सांगता येईना. आमची आजी त्याआधीच निवर्तली होती. आणि तिलाही ते ठाऊक नसावे, कारण तीदेखील सदैव ‘थोरली’च म्हणे. टाकावर आकृती होती, अक्षर नव्हते. वंशावळीत आजोबांच्या आधीच्या सात पुरुषांची नावे आहेत. त्या घरात जिचा जीव गेला, तिच्या जागी आम्हांस रेघ ओढावी लागली.

तेव्हापासून विवाहाचा एक विधी पाहिला म्हणजे आमच्या मनात कालवाकालव होते. ताटातील तांदळावर वर आपल्या अंगठीने वधूचे नवे नाव लिहितो, सर्वजण कौतुकाने पाहतात, आणि थोड्या वेळाने कोणीतरी ते तांदूळ गोळा करते. माहेरचे नाव त्या दिवशी मिटते, आणि सासरचे नाव तांदळावर असते. आपण सोने घडविणारे लोक. कधी न गंजणाऱ्या धातूवर अक्षर उठविण्याची विद्या आपल्या हातात असता आपल्या घरच्या बायकांची नावे मात्र आपण तांदळावर लिहीत आलो.

आता विनंती. आपापल्या देव्हाऱ्यातील टाक उद्या उजळावयास काढाल, तेव्हा त्यांतील प्रत्येक टाक कोणाचा हे घरातील सर्वांत वृद्ध माणसास विचारा. पुष्कळ घरी सांगणारे अजून आहेत. दहा वर्षांनी नसतील. जे नाव मिळेल ते माहेरच्या नावासह आणि सालासह टाकाच्या पाठीवर कोरून घ्या. टाकाला हत्यार लावणे मनास प्रशस्त वाटत नसेल तर कागदावर लिहून त्याच डबीत ठेवा. कोरून देण्याचे काम आमच्या हातून होईल तोवर आम्ही ज्ञातिबांधवांस विनामूल्य करून देऊ. मोडीत द्यावयाचा जुना डाग असेल तर तो कोणाचा, केव्हाचा, हे चोपडीत टिपून मगच मुशीत घाला. संकटात सोने मोडावेच लागते. आजीने मोडले, त्यात तिचे काही चुकले नाही. चूक एवढीच झाली की, मोडण्यापूर्वी कोणी नाव विचारले नाही.

आणि दुसरे, मंडळाच्या चालकांस. या स्मरणिकेत दरवर्षी दिवंगत ज्ञातिबांधवांची छायाचित्रे आणि कार्याची माहिती येते. यापुढे त्यात एक पान घराघरांतील अशा स्त्रियांसाठी राखून ठेवावे, ज्यांचे छायाचित्र नाही आणि ज्यांचे कार्य म्हणून सांगण्यासारखे काही कोणास ठाऊक नाही. केवळ नाव, माहेर, गाव आणि अंदाजे साल. एवढे छापण्यास जागा थोडी लागते. त्या पानावर आमच्या घराची एक ओळ पहिल्या वर्षी अपुरीच राहील. नावाच्या जागी ‘थोरली’ एवढेच छापावे लागेल. कोणा वाचकाच्या घरी, कोणा दूरच्या माहेरच्या चोपडीत, आमच्या थोरल्या आजीचे नाव असेल तर त्यांनी ते कृपा करून कळवावे. ते सोन्यावर कोरावयास आमचा हात अजून स्थिर आहे.